२३ किलोंत भंडारा

धानाचा कट्टा ४० किलोंचा असतो. असे कट्टे दिवसभर ट्रॉलीत टाकणाऱ्या माणसाला विमान कंपनीचा २३ किलोंचा नियम ऐकवला, की त्याला कंपनीची दया येते. "बाप्पा, एवढंसंच? अन् पोरगा दोन वर्षांसाठी जाते?" मोहाडी, लाखनी, तुमसर, पवनी, तालुका कुठलाही असो, मुलगा शिकायला जर्मनीला निघाला की मोठे बाबा हाच प्रश्न विचारतात आणि उत्तर मिळालं तरी पुन्हा विचारतात.

खरी तयारी मात्र बॅग यायच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे सामान भरायचं ते सप्टेंबरात. तेव्हा बांध्यांमध्ये पाणी, आभाळ भरलेलं आणि पापड वाळवायला ऊन नाही. म्हणून आईनं एप्रिलमध्येच आलूचे पापड, कुरडया आणि सरगुंडे करून डब्यात भरून ठेवलेले असतात. विद्यापीठाचं उत्तर त्यानंतर दोन महिन्यांनी येतं. प्रवेश मिळाला नसता तर? "तर आपणच खाल्ले असते," असं ती म्हणते आणि विषय संपतो.

मग कागदांचा मोसम. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्याला जर्मन व्हिसासाठी एपीएस नावाचं प्रमाणपत्र लागतं. त्याची पदवी खरी आहे, एवढंच ते सांगतं. गावात ही पदवी खरी असल्याचं पेढे वाटून आधीच जाहीर झालेलं असतं, पण एपीएसच्या दिल्लीतल्या कार्यालयात पेढे चालत नाहीत. त्यातून गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. आणि जर्मन अर्जात दोनच चौकटी. एकाच मुलाचे तीन मुलगे होतात आणि ते तिघे एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला तहसील गाठावी लागते.

पैशाचा आकडा ऐकून मात्र घर गप्प होतं. तिथल्या वर्षभराच्या खर्चासाठी ११,९०४ युरो आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. युरो शंभर रुपयांचा धरला तर बारा लाखांना थोडे कमी. पण भंडाऱ्यात बारा लाख म्हणजे नेमके किती हे रुपयांत कळत नाही. मोठे बाबा कॅलेंडर उलटं करून त्याच्या पाठीवर हिशेब मांडतात: २०२५-२६ चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, म्हणजे पाचशे क्विंटल, म्हणजे साडेबाराशे कट्टे. साडेबाराशे कट्टे देऊन २३ किलो न्यायची परवानगी! हा सौदा तुमसरच्या बाजारात कुणी केला असता तर त्याला पुन्हा बाजारात पाठवलं नसतं.

तरी बॅग उघडली जाते. इथून पुढचा कारभार बायकांच्या हाती.

पहिला मान तांदळाला. जीआय मानांकन मिळालेला भंडारा चिन्नोर सोडून पोरगा परक्या देशात बासमती खाणार, ही कल्पनाच आजीला सोसत नाही. पाच किलो चिन्नोर आत जातो, मुलगा तो गुपचूप दोन किलोंवर आणतो, आजी गुपचूप तीनवर नेते. मग जवसाची चटणी, मग लाखोळीची डाळ. या डाळीच्या विक्रीवर सरकारनं दशकानुदशकं बंदी घातली होती, आणि तेवढाच काळ इथल्या झाडीपट्टीनं तिचे वडे खाल्ले. "तिकडे लाखोळी भेटते का?" आत्या विचारते. भेटत नाही. झालं, अर्धा किलो. आजोबा मूठभर वाळलेली मोहफुलं पुढे करतात तेव्हा मात्र सगळे एका सुरात नाही म्हणतात. मोहफुलं पाहून इथला पोलीसही दोन प्रश्न जास्त विचारतो. फ्रँकफर्टच्या अधिकाऱ्याला ती नुसती भाजून खायची आहेत हे कुठल्या भाषेत पटवायचं?

आता कुणीतरी मोबाईलवर नियम वाचून दाखवतं आणि घरात खळबळ माजते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे घरच्या म्हशीचं कढवलेलं तूप बाद. मोहाडीच्या चौंडेश्वरीचा प्रसाद म्हणून ठेवलेली सुक्या खोबऱ्याची वाटीही बाद. त्यातल्या तेलामुळे ती आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. मसाल्यातली खसखस काढा, कारण विमान शारजावरून जातं आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते. ताजा कढीपत्ता न्यायचा तर रोपांच्या आरोग्याचा दाखला हवा. आई एकेक पुडी बाहेर काढते आणि प्रत्येक पुडीबरोबर जर्मनीबद्दलचं तिचं मत थोडं खाली येतं.

पण त्याच नियमांत खाली एक ओळ असते: मासळी, सुकवलेली असली तरी, माणशी २० किलोंपर्यंत चालेल. त्यात कोळंबीही आली. तळ्यांच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसांना याहून आनंदाची बातमी काय असणार? तुपाला मज्जाव आणि सुक्या झिंग्यांना वीस किलोंचं स्वागत! मामा त्याच संध्याकाळी बाजारातून दोन किलो झिंगे घेऊन हजर. प्लास्टिकच्या तीन पिशव्या, वर वर्तमानपत्र, वर टॉवेल, टॉवेलवर मुलाचा नवा कोट. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला टांगतात तेव्हा मांजर त्याच्याखालून हलत नाही. झिंगे पाव किलोवर येतात, कोट तीन दिवस उन्हाची वाट पाहतो.

सामानाच्या बाबतीत परदेशाचा अनुभव जिल्ह्याला माहीत नाही असं नाही. १९५४ ची पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढवलेले आणि हरलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांचं पुस्तकांसह सामान दुसऱ्या जहाजानं निघालं होतं. ते जहाज जर्मन पाणबुडीनं बुडवलं. थॉमस कुक या प्रवास कंपनीनं नुकसानभरपाई दिली ६०० रुपये. आता मुलगा नागपूरच्या ज्या विमानतळावरून उडणार त्याला त्यांचंच नाव आहे. ही गोष्ट सांगून गावातले गुरुजी सल्ला देतात, की महत्त्वाचं सगळं हातातल्या बॅगेत ठेव. मुलगा मूळ प्रमाणपत्रं आणि पॉवर बँक तिथे ठेवतो. पॉवर बँक तशीही पोटातल्या सामानात चालत नाही. आजी डोळा चुकवून तिथेच लोणच्याची बरणी ठेवते.

राहता राहिलं पितळ. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे एक गडू जायलाच हवा. गडू उपयोगाचा कशाला, हे कुणी विचारत नाही. कुकरचा प्रश्न त्याहून बिकट. तिकडच्या वसतिगृहात शेगडी इंडक्शनची निघाली तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर नुसता बसून राहतो, म्हणून खास बुडाचा नवा आणतात. जागा वाया जाऊ नये म्हणून कुकरात तांदूळ, तांदळात गडू, गडूत हिंगाची डबी. रिंग, शिट्टी आणि सांडशी वेगळ्या पिशवीत.

वजन करायला बॅग किराणा दुकानाच्या काट्यावर जाते. काटा २६ किलो ४०० ग्रॅम दाखवतो. मोठे बाबा सवयीनं म्हणतात, "बारदान कापा." रिकामी बॅगच चार किलोंची आहे, तेवढं वजा केलं तर पोरगा हिशेबात बसतो. विमानतळावर बारदान कापत नाहीत हे त्यांना सांगून पाहिलं, पटलं नाही.

भंडारा शहराचं रेल्वे स्टेशन शहरात नसून वरठीला आहे, त्यामुळे भंडारेकराला निघताना आधी दुसरीकडे जायची सवय असतेच. इथे तर नागपूर साठेक किलोमीटर. दोन गाड्या, अकरा माणसं, एक प्रवासी. थोडं सामान घरी काढून ठेवूनही काउंटरवर बॅग २५ भरते. सगळ्यांच्या देखत ती जमिनीवर उघडली जाते आणि मागे उभ्या असलेल्या एक अनोळखी बाई "चटणी राहू द्या, बूट काढा" असा निवाडा देतात. तो मान्य होतो. बूट पायात, कोट अंगावर, चिन्नोरची एक पिशवी आणि हाताला लागेल ती दुसरी पिशवी मामाच्या हवाली. तपासणीत लोणच्याची बरणीही अडते आणि बाहेर येते.

परतीच्या वाटेवर मौद्याजवळ गाड्या थांबतात. ढाब्यावर भाकरी मागवली जाते, बरणी उघडली जाते आणि पोरगा आत्ता कुठे असेल यावर चर्चा रंगते. तेवढ्यात त्याचाच फोन येतो. आई घाईनं हात पुसते.

"पोहोचला का रे?"

"अजून विमानातच बसतो आहे. आई, शिट्टीची पिशवी कुठाय?"

मामा आपल्या हातातल्या पिशवीत डोकावतात. आत रिंग, शिट्टी, सांडशी. मोठे बाबा ढाब्यावरच्या पोराला विचारतात, शिट्टीएवढ्या वस्तूला जर्मनीचं कुरिअर किती घेते.