एचटॉपसमोर बसण्याची रीत

प्रस्तुत नियमावली एचटॉप नावाच्या प्रोग्रामसमोर बसणाऱ्यांसाठी आहे. लिनक्स सर्व्हरच्या पोटात या घटकेला काय चाललंय, कोण किती सीपीयू खातोय, कोण किती मेमरी अडवून बसलाय, हे तो काळ्या पडद्यावर रंगीत पट्ट्यांनी दाखवतो. ब्राझीलच्या हिशाम मुहम्मद यांनी 2004 साली तो लिहायला घेतला. नावातला 'एच' त्यांचाच. 2018 नंतर नवी आवृत्ती येईना, तेव्हा 2020 मध्ये काही स्वयंसेवकांनी कारभार हाती घेतला आणि सोयींची भर पडू लागली. आमच्या ऑफिसात नवी आवृत्ती बसली, त्याच आठवड्यात साहेबांना ती केबिनमधल्या टीव्हीवर हवी झाली. लावून दिली मीच. नियमावलीची गरज तिथून पडली.

नियम पहिला: टक्क्यांनी दचकू नये.

एचटॉप एका कोअरचे शंभर टक्के धरतो. आठ कोअरच्या यंत्रावर एकटा प्रोग्राम आठशेपर्यंत जाऊ शकतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सगळे कोअर मिळून शंभर, त्यामुळे तिकडून आलेला माणूस गोंधळतो. साहेब तिकडचेच. पहिल्या दिवशी फोन, "अहो, डेटाबेस तीनशे ऐंशी टक्के दाखवतोय. कितीपैकी?" मी म्हटलं, आठशेपैकी. "म्हणजे पन्नास टक्केसुद्धा नाही? मग बाकीचे करतात काय?" या प्रश्नाला उत्तर देण्याच्या भानगडीत पडू नये.

नियम दुसरा: लोड अ‍ॅव्हरेजचे तीनही आकडे वाचल्याशिवाय फोनला हात लावू नये.

लोड म्हणजे काम करणाऱ्या आणि त्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोग्रामांची सरासरी संख्या. पहिला आकडा एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. आकडा कोअरच्या संख्येशी ताडून बघावा. आठ कोअर आणि लोड आठ, म्हणजे पंगत भरली आहे पण ताटकळत कोणी उभं नाही. लोड वीस, म्हणजे बाराजण पुढच्या पंगतीची वाट बघताहेत. लिनक्समध्ये आणखी एक मेख आहे. 1993 पासून तिथे डिस्कच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांचीही मोजदाद या आकड्यात होते. त्यामुळे सीपीयू माशा मारत असताना लोड चाळीस दिसू शकतो. अशा वेळी सीपीयूला बोल लावू नये, डिस्ककडे बघावे.

खरी गंमत तिन्ही आकड्यांच्या तुलनेत आहे. पहिला तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर संकट येतंय. लहान असेल तर येऊन गेलं. आमच्या साहेबांची नजर डावीकडून निघते आणि शेवटच्या आकड्यावर मुक्काम करते. त्यामुळे त्यांचा फोन नेमका पाहुणे जेवून, हात धुवून, रिक्षात बसल्यावर येतो. "लोड एकोणीस आहे, काय करताय तुम्ही?" मी चहा पीत असतो, कारण पहिला आकडा दोनवर आलेला असतो. पण हे फोनवर सांगता येत नाही.

नियम तिसरा: मेमरी भरलेली दिसली तर आनंद मानावा.

पट्टीतला हिरवा भाग खरा वापर, पिवळा भाग कॅश. एकदा वाचलेल्या फायली लिनक्स रिकाम्या मेमरीत ठेवून देतो. पाहुण्यांच्या खोलीत आपण जादा गाद्या रचतो, तसंच. पाहुणा आला की गाद्या उचलायच्या. काळजी करायचीच असेल तर खालच्या स्वॅपच्या, म्हणजे मेमरी अपुरी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेच्या, पट्टीची करावी, तीही ती वाढत असेल तरच.

नियम चौथा: नवीन टॅबवर भक्ती ठेवावी, पण अपेक्षा ठेवू नये.

2022 च्या 3.2 आवृत्तीत टॅब आले. 'टॅब' कळ दाबली की नेहमीचा पडदा जाऊन 'आय/ओ'चा येतो. कोण डिस्कवर किती लिहितोय आणि वाचतोय, ते तिथे कळतं. दुसऱ्या नियमातला सीपीयू मोकळा, लोड चाळीस असा चमत्कार घडला, तर गुन्हेगार बहुधा याच पानावर सापडतो. सोय खरोखरच उत्तम.

मात्र साध्या खात्यावरून दुसऱ्याच्या प्रोसेसचे हे आकडे वाचता येत नाहीत. त्या जागी 'नो पर्म' असं येतं. साहेबांना मी साधं खातं दिलं आहे. त्यांनी मोठ्या उत्साहाने टॅब दाबला, तर टीव्हीभर वरपासून खालपर्यंत 'नो पर्म, नो पर्म, नो पर्म'. "हा सर्व्हर माझ्या सहीने आलाय," ते म्हणाले. मी सुरक्षा धोरणाचा कागद दाखवला. त्यावरही त्यांचीच सही होती.

नियम पाचवा: प्रेशरचा मीटर लावून घ्यावा.

एफ-2 दाबून सेटअपमध्ये गेलं की 'पीएसआय' नावाचे मीटर मिळतात. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 4.20 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 च्या अखेरीपासून, ही मोजणी कर्नलमध्येच आहे. प्रोसेसचा किती टक्के वेळ सीपीयू, मेमरी किंवा डिस्कसाठी खोळंबण्यात गेला, हे ती सांगते: गेल्या दहा सेकंदांचं, एका मिनिटाचं, पाच मिनिटांचं. लोडच्या आकड्यावरून गर्दी कळते, यावरून त्रास कळतो. साहेबांना हा मीटर सगळ्यात लवकर समजला. त्यांना स्वतःला प्रेशर आहे.

नियम सहावा: सज्जनपणाविषयी.

प्रत्येक प्रोसेसला 'नाइस' नावाचा अंक असतो, उणे वीसपासून एकोणीसपर्यंत. अंक जितका मोठा तितकी प्रोसेस सज्जन, म्हणजे दुसऱ्याला पुढे जाऊ देणारी. एफ-8 ने सज्जनपणा वाढतो, प्रोसेस आपली असेल तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. एफ-7 ने कमी होतो, त्याला रूटचा, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याचा, अधिकार लागतो.

नियम सातवा: मारण्यापूर्वी विचारावे.

एफ-9 दाबलं की यादी येते. पंधरा क्रमांकाचा सिग्नल म्हणजे 'आवरतं घ्या' असा निरोप. प्रोसेस फायली मिटते, चिठ्ठ्याचपाट्या गोळा करते आणि जाते. नऊ क्रमांक म्हणजे बोलणं नाहीच. आधी पंधरा, थोडा धीर, मगच नऊ.

नवालाही दाद न देणारे दोघे आहेत. एक 'डी' अवस्थेतला. तो डिस्कच्या उत्तरासाठी बसलाय आणि उत्तर येईपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही. दुसरा झोम्बी. तो मेलेलाच आहे, फक्त त्याच्या जन्मदात्या प्रोसेसने मृत्यूचा दाखला उचललेला नाही, म्हणून नाव नोंदवहीत राहिलंय. मेलेल्याला मारून उपयोग नाही. जन्मदाता गेला की एक क्रमांकाची प्रोसेस पोरक्यांना पदराखाली घेते आणि दाखले उचलून टाकते. साहेबांनी एका दुपारी 'झेड' लिहिलेल्या एकाच ओळीवर अकरा वेळा नऊ मारायला लावलं. मी मारले. नोकरी आहे.

नियम आठवा: दीड सेकंदाचं भान ठेवावे.

पडदा दर दीड सेकंदाला बदलतो. हा वेळ कमी करता येतो, पण करू नये. आकडा दशांश सेकंदात द्यायचा असतो. मी एकदा 'वजा डी एक' दिलं, म्हणजे सेकंदाला दहा वेळा, आणि तसल्या सहा खिडक्या उघडून सर्व्हर कोण खातोय ते तासभर शोधलं. यादीत वरचे सहाही एचटॉप होते. मी ते सवयीने सोडून खालीच बघत होतो.

आता साहेबांची बाजू. न्याय म्हणून सांगतो.

मागच्या पावसाळ्यात रोज रात्री सर्व्हर गुदमरायचा. सीपीयूच्या पट्ट्या भरलेल्या, पण यादीत खाणारा कोणीच नाही; पहिल्या ओळीतसुद्धा चार टक्के. तीन रात्री मी बघत बसलो. चौथ्या दिवशी केबिनमधून फोन, "अहो, रात्री मी घरून बघत होतो. पट्टी एरवी हिरवी असते, ती लाल का होती?" मी वैतागून म्हटलं, बघतो. फोन ठेवला आणि तसाच बसून राहिलो. लाल म्हणजे कर्नलचा वेळ. कर्नल एवढा कशात गुंतलाय? नवीन प्रोसेस जन्माला घालण्यात आणि पुरण्यात. कुठली तरी स्क्रिप्ट लॉगच्या प्रत्येक ओळीला एक नवा प्रोग्राम सुरू करत होती. प्रत्येकाचं आयुष्य काही मिलिसेकंदांचं. दीड सेकंदाच्या दोन चित्रांमध्ये ते हजारोंनी जन्मून मरत होते आणि यादीत एकाचंही नाव लागत नव्हतं. मी नावं वाचत होतो. साहेबांना नावं कळत नाहीत, ते फक्त रंग बघत होते.

स्क्रिप्ट कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. माझी होती.

तेव्हा साहेब, ही नियमावली तुमच्यापर्यंत पोचलीच तर विनंती एवढीच: आधी पहिला आकडा बघा, मग तिसरा, मग फोन करा. लाल दिसलं तर मात्र आकडे बघत बसू नका, लगेच करा.