शांतता क्षेत्रातली दाढ

दुखरी दाढ बरी करण्यात निम्मा वाटा दवाखान्यातल्या बाकड्याचा असतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. रात्रभर लवंग दाबून धरायची, गालाला हात लावून घरभर फिरायचं, कोणाला झोपू द्यायचं नाही, आणि सकाळी धाराशिवातल्या दातांच्या दवाखान्यात जाऊन नंबर लावायचा. तेवढ्यात आतल्या खोलीत ते सुरू होतं. झींऽऽऽ. पाच मिनिटांत ठणका पसार. शेजारी बसलेला येडशीचा माणूस उठून उभा राहतो. "आता काय दुखंना बगा. बाजार करून येतो." तो बाजार करून परत आलेला कोणी पाहिलेला नाही.

यात डॉक्टरांचा दोष नाही. यंत्राचं नाव एअरोटर. 1957 साली जॉन बोर्डन या अमेरिकन दंतवैद्याने ते आणलं. हवेच्या झोतावर फिरणारं इवलंसं टर्बाइन, मिनिटाला तीन लाखांच्या वर फेरे. त्याआधीची यंत्रं सावकाश फिरत आणि दाढेसकट अख्खं डोकं हलवत. एअरोटरने काम झटपट झालं, हादरा गेला, आणि त्या बदल्यात हा आवाज पदरात पडला.

तो आवाज आपण टाइल्समध्ये जपून ठेवतो. आमच्याकडे दवाखाना म्हटलं की तो चकचकीत पाहिजे. खाली फरशी, भिंतीला छतापर्यंत टाइल्स, वर पीओपी, दाराला काच. 'डॉक्टरनं लई खर्च केलाय' ही पदवीपेक्षा मोठी पावती असते. पण टाइल आवाज पीतच नाही म्हटलं तरी चालेल. शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग ती परत फेकते. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच रिकाम्या खोलीचा हिशेब मांडला, तर एकदा काढलेला आवाज विरायला जवळपास तीन सेकंद लागतात. शाळेची सहल नळदुर्ग, सोलापूर करत विजापूरला न्यायची आणि गोलघुमटात पोरांना ओरडायला लावायचं, हे आपल्या भागातलं ठरलेलं शिक्षण. ते ठीक आहे. तिथे मुहम्मद आदिलशहा झोपलाय, त्याची दाढ कोणी कोरत नाही.

हा हिशेब ज्या सूत्राने करतात ते हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइनचं. 1895 मध्ये या तरुण प्राध्यापकाकडे विद्यापीठातलं एक नवंकोरं व्याख्यानगृह दुरुस्तीला आलं. तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. वक्ता पुढच्या वाक्यावर गेला तरी मागचं वाक्य हॉलमध्येच फिरत असायचं. सॅबाइन रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून घुमारा मोजायचा आणि उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवायचा. आवाज किती जिरतो याचं माप म्हणून त्याने उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. (येडशीच्या पाहुण्याचंही तेच.)

त्याच्या मापात माणूससुद्धा बसतो. अंगभर कपड्यातला एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज पितो. आता आपल्याकडे दाढ एकाची असते आणि सोबत बायको, भाऊ, मेहुणा, मावशी आणि ज्याची गाडी आहे तो. ही पाच माणसं आत घेतली, तर त्या खोलीतला घुमारा निम्म्याच्याही खाली येतो. मावशी नऊवारीत असेल तर आणखी बरं. पण डॉक्टर सगळ्यांना बाहेर काढतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. मावशी जेवढा आवाज पिते त्याच्या कितीतरी पट सोडते. "हळू करा हो डॉक्टर, ल्हानपनापसून लई भित्रं हाय हे!"

मी डॉक्टरांना गोधडी सुचवून पाहिली. जुन्या लुगड्यांचे थर, दाट धावदोरा. भिंतीपासून चार बोटं सुटी टांगली तर असला बारीक आवाज ती सहज पोटात घेईल. डॉक्टरांनी माझ्याकडे पेशंट म्हणून नव्हे, साथीचा रोग म्हणून पाहिलं. एअरोटरबरोबर पाण्याचा फवारा उडतो, त्यात लाळ आणि रक्त. जे रोज औषधाने पुसता येत नाही ते त्या खोलीत टांगता येत नाही. मग उरतं छत. पुसता येईल असं पातळ आवरण चढवलेल्या ग्लासवूलच्या फळ्या वर बसवल्या, तर हिशेबातले तीन सेकंद अर्ध्या सेकंदावर येतात. कॉम्प्रेसर खोलीबाहेर न्यायचा, त्याच्या पायाखाली रबर. आणि दार. दाराखाली बोटभर फट ठेवून छतावर पैसे ओतले, तर झीं वाकून फटीतून बाहेर येते आणि बाकड्यावर आपल्या शेजारी बसते.

मला विचाराल तर पहिला पैसा दारावर घालावा, छत पुढच्या दिवाळीत. कारण खुर्चीतल्या माणसाला भिंत काय वाचवणार? यंत्राच्या आवाजाचा एक रस्ता त्याच्या दाढेतून जबड्याच्या हाडात आणि हाडातून थेट कानाच्या गाभ्यात जातो. कानात बोळे घालून तो बंद होत नाही. पटत नसेल तर दोन्ही कानांत बोटं घालून ज्वारीची कडक भाकरी चावून बघा. शिवाय खुर्चीतल्याला भूल दिलेली असते. बाकड्यावरच्याला कोणी देत नाही.

उन्हाळ्यात मात्र बाकड्याची फुकटात सोय होते. समोर कूलर लागतो आणि त्याच्या घोंघाटात आतली झीं बरीचशी बुडून जाते. या विद्येला मास्किंग म्हणतात. मोठ्या शहरांतले दवाखाने त्यासाठी झुळझुळ झऱ्याचा आवाज लावतात. आमच्याकडे झरा टँकरने येतो.

सरकारनेही विचार केलेला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे इस्पितळाभोवती निदान शंभर मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसा मर्यादा 50 डेसिबल. म्हणजे ते जाहीर झालं की तुळजापूरला निघालेल्या मंडळींनी दारावरून जाताना संबळ थांबवायचा, आणि आत एअरोटर निवांत सत्तरी गाठणार.

या सगळ्यात एकच माणूस मी निर्धास्त पाहिला. भूमकडचे आजोबा, ऐंशीच्या घरातले. वय झालं की कान आधी उंच सूर सोडून देतात, आणि एअरोटरचा मुक्काम नेमका तिथेच, सहा-आठ हजार हर्ट्झच्या आसपास. बाहेर त्यांचा नातू घामाघूम होऊन टोपी पिळत होता. आत आजोबा छताच्या नक्षीकडे बघत पडले होते. काचेतून सगळं दिसत होतं. डॉक्टरांनी दाढ कोरली, सिमेंट भरलं, चूळ भरायला लावली. आजोबांनी चूळ भरली, मिशा पुसल्या आणि पुन्हा आ वासून मागे टेकले.

"झालं बाबा, उठा आता!" डॉक्टर ओरडले.

"झालं?" आजोबा उठून बसले. "आरं, मशीन अजून चालू बी केलं न्हाई, अन् पैसं कशाचं घ्यायलाव?"