काका, विंडोज मारून देऊ?

लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपच्या जाती दोनच. एक विंडोजवाला, दुसरा डॉसवाला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त, म्हणून गिऱ्हाईक त्याच्याकडे वळतं. यातला डॉस म्हणजे फ्रीडॉस. मायक्रोसॉफ्ट आपल्या एमएस-डॉसचा गाशा गुंडाळणार असं दिसल्यावर १९९४ साली जिम हॉल नावाच्या अमेरिकी विद्यार्थ्यानं त्याला फुकट पर्याय उभा करायचं मनावर घेतलं. तेव्हापासून जगभरची माणसं त्यावर पदरमोड करून खपताहेत. आपल्याकडे त्याचं काम एकच : खरा मालक येईपर्यंत डिस्कवर जागा धरून ठेवायची, एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालासारखी.

मला डॉस नको होतं, विंडोजही नको होतं. कंपनीनंच उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक फुकट अवतार, घालून दिलेला लॅपटॉप हवा होता. अशी मागणी चमत्कारिक नाही. डेलनं २००७ मध्ये अमेरिकेत असे संगणक विकायला काढले, पुढे भारतातही आणले. पण कंपनीनं माल बनवणं वेगळं आणि दुकानदारानं तो माल आहे असं मानणं वेगळं.

"उबुंटूवाला आहे?"

"आहे ना. पण काका, टेन्शन नका घेऊ. काढून टाकतो."

"काढायचं नाहीये."

"चार्ज नाही लावत!"

त्यानं पोऱ्याला मशीन उघडायला सांगितलं. पोऱ्याची एमएस-सीआयटी झालेली. त्यानं डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण शोधलं, सापडलं नाही, आणि मशीन डिफेक्टिव्ह असल्याचं जाहीर केलं.

"विंडोज मारून देतो," दुकानदार समजुतीनं म्हणाला. "ऑफिस, फोटोशॉप, अँटिव्हायरस, सगळं. बॅग आणि माऊससोबत फ्री."

"पण ते चोरीचं ना?"

"चोरीचं कसं? मी स्वतः मारतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. माणूस मनानं उदार होता. जे कायद्यानंच फुकट आहे ते मला लाभू नये, आणि ज्याला हजारो रुपये पडतात ते फुकटात मिळावं, यासाठी त्याचा जीव तुटत होता. साधं माऊसपॅड मागितलं असतं तर मात्र त्यानं पैसे लावले असते.

मग मी त्याला कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगितली. विंडोजच्या करारनाम्यात एक कलम असे : अटी मान्य नसतील तर वापरू नका, परत करा, पैसे घ्या. ते कलम वाचणारी माणसं निघाली, हेच आधी नवल. (आपण तर सोसायटीची नोटीसही लिफ्ट येईपर्यंतच वाचतो.) १५ फेब्रुवारी १९९९ रोजी ही लिनक्सवाली मंडळी न वापरलेलं विंडोज घेऊन फॉस्टर सिटीतल्या मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर पैसे मागायला चालून गेली.

दुकानदार पहिल्यांदाच पुढे झुकला. "किती मिळाले?"

"काही नाही. ज्यानं संगणक बनवला त्याच्याकडे मागा, म्हणाले."

"म्हणजे सर्व्हिस सेंटरला जा," तो खूश होऊन म्हणाला. एवढ्या मोठ्या कंपनीत आपलीच पद्धत चालते याचा त्याला आनंद झाला असावा.

"लिनक्सला तसं कुणी ओळखत नाही, काका," बिल करता करता तो म्हणाला. "उद्या विकायला काढाल तर गिऱ्हाईक मिळणार नाही."

"तुमच्या हातात आहे तेच," मी म्हटलं. "अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच असतं."

त्यानं फोन उलटा केला, सुलटा केला. पोऱ्याकडे पाहिलं. पोऱ्यानं मान खाली घातली. मग दुकानदारानं तो फोन माझ्यासमोरच त्याच्या हातात दिला.

"बघ रे, यात विंडोज मारता येतं का."