पासपोर्टचा लातूर पॅटर्न

बारावीच्या निकालात लातूर पॅटर्नने काय करून दाखवले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडातून निघून दुबईत किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेल्या माणसाला दर १० वर्षांनी आणखी एक परीक्षा द्यावी लागते, आणि तिची शिकवणी कोणीच घेत नाही. पासपोर्ट रि-इश्यूच्या अशा परीक्षार्थींसाठी हा अपेक्षित प्रश्नसंच.

प्रश्न पहिला, अनिवार्य : जन्मस्थळ. नुसते ‘मुरुड’ लिहून भागत नाही. रायगडात जंजिऱ्याजवळचे मुरुड आहे, दापोली तालुक्यात महर्षी कर्व्यांचे मुरुड आहे. तेव्हा जिल्हा लिहिणे आले, आणि पेपर अवघड होतो तो इथेच. १९७५ साली मुरुडात जन्मलेला माणूस कागदोपत्री उस्मानाबाद जिल्ह्यातला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला आणि हा गडी घरचा उंबरा न ओलांडता दुसऱ्या जिल्ह्यात गेला. २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, म्हणजे जन्मदाखल्यावरचा जिल्हाही आता त्या नावाचा उरला नाही. त्याचे वडील १९४५ चे असतील, तर ते थेट निजामाच्या हैदराबाद संस्थानात जन्मलेले! आदर्श उत्तर : जुन्या पासपोर्टवर जे छापले आहे ते अक्षर न् अक्षर उतरवावे. अद्ययावत भूगोल लिहिण्याचे जादा गुण मिळत नाहीत. उलट जुना आणि नवा तपशील जुळेना, की खुलासे मागितले जातात.

प्रश्न दुसरा : जन्मतारीख. १ जून. अनेकांच्या बाबतीत एवढेच उत्तर पुरते. शाळेत नाव घालताना आईने “पोळ्याच्या आसपास झाला” एवढेच सांगितले आणि गुरुजींनी रजिस्टरात १ जून ओढली. दाखल्यावरून ती मार्कशीटवर आली, तिथून पॅनवर आणि पासपोर्टवर. खरी तारीख पुढे कधी आत्याला आठवली, तर आत्याचे आभार मानावेत आणि १ जूनच ठेवावी.

प्रश्न तिसरा : नाव. शाळेच्या दाखल्यावर वडील ‘विठ्ठल’, सातबाऱ्यावर ‘विठ्ठलराव’ आणि गावात नुसतेच ‘बापू’. यातला ‘राव’ विमानात चढवायचा की मुरुडातच ठेवायचा, हे एकदा ठरवून टाकावे आणि सगळ्या कागदांवर तेच चालवावे. आडनावाचा रकाना मात्र चुकूनही रिकामा सोडू नये. तसे केले, तर अमेरिकेच्या व्हिसावर नाव आडनावाच्या जागी सरकते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’, असे येते. संयुक्त अरब अमिरातीने तर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देणेच थांबवले.

प्रश्न चौथा : पाने. साध्या पुस्तिकेला ३६ पाने, जाड पुस्तिकेला ६०. भारतात अर्ज केला, तर दोन्हींच्या शुल्कात फरक ५०० रुपयांचा, १५०० आणि २०००. हे ५०० वाचवणारा हिशेबी माणूस पुढे प्रत्येक विमानतळावर शिक्का मारणाऱ्याच्या हाताकडे धास्तीने पाहत राहतो. एखाद्याने कोऱ्या पानाच्या मधोमध ठसा उमटवला, की पान वाया! शेंगेन व्हिसाला दोन कोरी पाने लागतात, अमेरिकेचा व्हिसा एकटाच अख्खे पान अडवतो. पाने संपली तर वरून जोडता येत नाहीत, नवाच पासपोर्ट काढावा लागतो. जुना रद्द होऊन, कोपरा कापून परत मिळतो. त्यातला अमेरिकेचा व्हिसा मुदतीत असेल तर तो चालतो, म्हणून जुने-नवे दोन्ही पासपोर्ट जोडीने बाळगावेत.

मुदतीचे गणितही याच प्रश्नात येते. अनेक देशांना पासपोर्टची किमान ६ महिने मुदत शिल्लक हवी असते. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर शिरणाऱ्याची आय-९४ या प्रवेश-नोंदीवरची मुक्कामाची तारीख काही वेळा पासपोर्ट संपतो तिथेच थांबते, मग व्हिसा त्यापुढचा का असेना. अर्ज वर्षभर आधी करता येतो. “दिवाळीत गावी गेल्यावर बघू” हे या प्रश्नाचे सर्वाधिक लिहिले जाणारे चुकीचे उत्तर आहे.

प्रश्न पाचवा, तोंडी : पोलीस पडताळणी. अर्ज शारजात केलेला असला तरी चौकशी मुरुडच्या पत्त्यावर येऊ शकते. दारात शिपाई, ओट्यावर बापू.

“मुलगा इथंच राहतो का?”

“छे हो! तो कशाला राहतोय इथं? धा वर्षं झाली दुबईला जाऊन!”

उत्तर शंभर टक्के खरे, आणि मुलाची फाईल अडकवायला पुरेसे. म्हणून आठवडाभर आधी व्हिडिओ कॉलवर बापूंची सराव परीक्षा घ्यावी : “कायमचा पत्ता हाच, नोकरीसाठी बाहेर असतो.” तीन वेळा बिनचूक म्हणून घ्यावे. मग शेजारच्या काकांचीही घ्यावी, कारण साक्षीला त्यांनाच बोलावतात आणि ते पहिल्यापासून जास्त बोलतात.