तिसरं पुष्प

आमच्या तालुक्याच्या गावी सांस्कृतिक मंडळाची व्याख्यानमाला दर जानेवारीत भरते. पाच संध्याकाळी, वाचनालयाचं सभागृह, प्रवेश विनामूल्य. गेल्या एकोणीस वर्षांत मी एकही पुष्प चुकवलेलं नाही. या व्याख्यानमालेवर माझा जीव आहे, म्हणूनच यंदाच्या तिसऱ्या पुष्पाची तक्रार लिहितो आहे.

विषय होता लोणार. वक्ते भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एसटीनं सहा तासांचा प्रवास करून आले होते आणि मानधन त्यांनी आधीच नाकारलं होतं. पत्रिकेवर वेळ साडेसहाची. मी सहा पंचवीसला जागेवर होतो. माझ्या मागे शाळेतली तीसेक मुलं वह्या उघडून बसली होती. पुढच्या दोन रांगांना ‘राखीव’ असे कागद चिकटवले होते. त्या चोवीस खुर्च्यांपैकी शेवटपर्यंत सात भरल्या. मुलं मात्र अखेरपर्यंत मागेच, खांबाआडून माना वाकड्या करून बघत होती.

सात वाजून पाच मिनिटांनी मान्यवर आले. पंखा बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यामुळे समई पेटायला चार मिनिटं लागली. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, मंडळाचा वर्षभराचा अहवाल. वक्त्यांना शाल-श्रीफळ द्यावंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मंचावरच्या सहाही जणांना ते दिलं, आणि ज्यांच्या हस्ते दिलं त्यांचाही पुन्हा सत्कार झाला. वक्त्यांना परिचयाची गरज नाही, असं सांगून परिचयाची चार पानं वाचली गेली, इंग्रजी शोधनिबंधांच्या शीर्षकांसकट. वक्ते माइकसमोर आले तेव्हा सात बावन्न झाले होते आणि नऊला सभागृह रिकामं करून द्यायचं होतं.

ते बोलले मात्र फार सुंदर. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं हे विवर ज्वालामुखीचं नाही, उल्केच्या आघाताचं आहे हे कशावरून ओळखलं, ते त्यांनी उलगडून सांगितलं. तळाशी छिद्रं घेऊन खडकाचे नमुने काढले. त्यांत आघातानं काच झालेलं खनिज, मास्केलिनाइट, सापडलं. १९७३ साली ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. एवढ्यात चित्रफीत काढणाऱ्यानं उजेड कमी पडतो म्हणून सगळ्या ट्यूबलाइट लावायला सांगितल्या. २०२०च्या जूनमध्ये गुलाबी झालेलं सरोवराचं पाणी आमच्या पडद्यावर पांढरं दिसलं. त्याच सुमारास वक्त्यांच्या हातात चिठ्ठी आली: ‘आवरते घ्यावे’. विवराचं वय पन्नास हजार वर्षं की पावणेसहा लाख, या वादाची पाच चित्रं त्यांनी न बोलता पुढे सरकवली. मी त्या वादासाठीच आलो होतो.

पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आमच्यासारख्या गावांतल्या व्याख्यानमाला तिच्याच लेकी-नाती. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसालाही जाणत्याच्या तोंडून नवं काही ऐकता यावं, त्याला विचारता यावं, हा त्यांचा अर्थ. माझ्या वडिलांना सातवीनंतर जे काही कळलं ते याच सभागृहात कळलं. म्हणून मला ही मिनिटं मोजावी लागतात.

प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं उरली होती. पहिल्याच गृहस्थांनी माइक घेऊन आपल्या लोणारच्या सहलीची हकिगत सांगितली: गाडी कुठली होती, जेवण कुठे झालं. नऊ मिनिटं. त्यात प्रश्न नव्हता. मागे मुलांचे सात-आठ हात वर होते. ‘वेळेअभावी आता थांबू या’ असं सूत्रसंचालकांनी सांगितलं आणि अध्यक्षीय समारोप सुरू झाला. आत्ताच ऐकलेलं व्याख्यान अकरा मिनिटांत पुन्हा ऐकवलं गेलं, त्यात ज्वालामुखी परत आला. मग आभार. मंडपवाल्यांपासून चहावाल्यांपर्यंत सगळे त्यात होते. सहापासून ताटकळलेली मुलं नव्हती.

जयंत नारळीकर मुलांना नुसती स्वाक्षरी देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न पाठव, म्हणजे सहीनिशी उत्तर मिळेल, असं सांगत. एवढा मोठा शास्त्रज्ञ मुलाच्या प्रश्नाला सवड काढत होता. कार्यकारिणीला मी दोनदा लेखी विनंती केली आहे: परिचय चार ओळींत संपवा, सत्कार व्याख्यानानंतर करा, पुढच्या रांगा मुलांना द्या, पहिले तीन प्रश्न त्यांचे घ्या. दोन्ही अर्जांची पोच माझ्याकडे आहे. उत्तर आलेलं नाही.

त्या दिवशी जिन्यात आठवीतल्या एका मुलीनं प्राध्यापकांना गाठलंच. ‘सर, खड्डा पडला, मग उल्का गेली कुठे?’ ते तिथेच पायरीवर टेकले. चेहरा उजळला त्यांचा. ‘बघ बाळ, ती इतक्या वेगानं आदळली, की तिचा बहुतेक भाग...’ तेवढ्यात वरून एक कार्यकर्ता आला. ‘सर, पदाधिकाऱ्यांबरोबरचा फोटो राहिलाय.’ त्यांना दंडाला धरूनच वर नेलं. मुलगी थोडा वेळ थांबली. खाली शिक्षक हाका मारायला लागले, तशी अर्ध्या वाक्यावर वही मिटून ती निघून गेली.