चिरंजीवांचे पिताश्री शाळा बघतात

मूल दोन वर्षांचं झालं की बापाच्या बोलण्यात अचानक 'फाउंडेशनल इयर्स' डोकावू लागतात. तोवर हा माणूस क्रिकेट, गाड्या आणि यंदा कुणाला किती टक्के हाइक मिळाली, एवढ्यावर सुखाने बोलत असतो. मग एके दिवशी लिफ्टमध्ये तो तुम्हाला विचारतो, "काका, मुलाच्या मेंदूची वाढ नेमकी कितव्या वर्षापर्यंत होते हो?" आणि तुमचा मजला येईपर्यंत उत्तरही स्वतःच देऊन टाकतो.

बाणेर, बालेवाडी, वाकड या पट्ट्यात हा बाप मुबलक आढळतो. आमच्या इमारतीतला नमुना हिंजवडीत नोकरीला आहे. त्याचं पाळण्यातलं नाव आता कुणी घेत नाही. सोसायटीत तो मुलाच्या नावाने ओळखला जातो, फोनमध्येही तसाच सेव्ह केलेला असतो. आपण त्याला नुसतं पिताश्री म्हणू. घरात मातोश्री आहेत, चिरंजीव आहेत आणि सांगलीहून 'थोडे दिवस' म्हणून आलेल्या, गुडघे दुखत असूनही परत न गेलेल्या आजी आहेत.

पिताश्रींचं पहिलं दुःख तारखेचं. चिरंजीव जन्मले 4 जानेवारीला. महाराष्ट्रात नर्सरीला बसायचं तर 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे चार दिवसांनी अख्खं वर्ष गेलं. "सिझरच करायचं होतं तर डॉक्टरांना 30 तारीख सांगता आली असती," असं ते एकदा जेवताना म्हणाले. मातोश्रींनी वर पाहिलं. तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही, पण माझ्याकडे चहाला आले की निघतो. बरं, वर्ष गेलं म्हणजे काय झालं? मुलगा आणखी एक वर्ष घरात भांडी वाजवेल, असं आपल्याला वाटतं. पिताश्रींच्या लेखी ती 'गॅप' आहे. ती भरायला प्लेग्रुप हवा, आणि प्लेग्रुप निवडायला एक्सेल शीट हवी.

ती शीट मी पाहिली आहे. तिचे रकाने झेड ओलांडून एए, एबीत शिरले होते. घरापासूनचं अंतर, पावसात अंतर, ट्रॅफिकच्या वेळी आणि पावसात अंतर. किती मुलांमागे एक टीचर. सीसीटीव्ही आहे का, असल्यास फोनवर दिसतो का. कमोड लहान की मोठे. वाळू खरी की रबराची. वर्षातून किती वेळा मुलाला भाजी, पक्षी किंवा स्वातंत्र्यवीर बनवून पाठवावं लागतं. प्रत्येक रकान्याला वेटेज. एका रकान्याचं नाव 'व्हाइब' होतं आणि तो मातोश्रींनी भरायचा होता. त्यांनी सगळ्या शाळांपुढे 'ठीक' एवढंच लिहिलं. 'ठीक'ला गुण किती द्यायचे, यावर एक रविवार गेला.

फीचा हिशेब मात्र चोख. वर्षाचे 1,20,000, रोजचे तीन तास, सुट्ट्या वजा जाता साधारण 200 दिवस. म्हणजे ताशी 200 रुपये. "काका, बॅडमिंटन कोर्टालाही जवळपास तेवढेच पडतात," पिताश्री समाधानाने म्हणाले. "कोर्टाचे चौघांत वाटून तरी घेता येतात," आतून मातोश्री. यानंतर पिताश्रींनी ते वाक्य उच्चारलं, जे या जातीचा प्रत्येक बाप फीचा आकडा बघून उच्चारतोच: "माझं सगळं इंजिनिअरिंग एवढ्यात झालं असतं." हे वाक्य बोलून झालं की तो फी भरतो. वाक्याआधी भरलेली माझ्या पाहण्यात नाही.

फायद्या-तोट्यांची वेगळी शीट होती. फायदे: चार मुलांत मिसळेल, मोबाइल सुटेल, स्वतःच्या हाताने जेवेल, आजींना सकाळी तीन तास गुडघे शेकता येतील. तोटे: पैसा, ट्रॅफिक आणि सर्दी. सर्दीला मी दुजोरा दिला. जूनमध्ये प्रवेश झाला की जुलैत नाक वाहू लागतं, ते गणपतीपर्यंत थांबत नाही. बालरोगतज्ज्ञांच्या वेटिंग रूममध्ये प्लेग्रुपच्या गणवेशातलीच गर्दी असते. खरं तर हा कागद पुरेसा होता. दोघं नोकरीला, आजींचे पाय थकलेले, खाली खेळायला पोरं नाहीत. अशा घराने मुलाला तीन तास कुठेतरी नेऊन सोडलं तर त्यात काही पाप नाही. पण एका कागदावर निर्णय झाला तर हिंजवडीत मिळालेलं प्रशिक्षण फुकट गेलं म्हणायचं.

मग शाळा बघणं सुरू झालं. जुन्या लोकांनी स्थळं बघितली नसतील इतक्या बारकाईने हे कुटुंब दर शनिवारी बाहेर पडे. आजी बरोबर असत, कारण चिरंजीवांना कुणीतरी धरायला हवं. प्रत्येक ठिकाणी काचेचं दार, आत एसी, भिंतीवर जिराफ आणि समोर एक काउन्सेलर. शिकवणाऱ्या ताई दिसत नाहीत; त्या 'क्लासमध्ये' असतात. माहितीपत्रकावर एका ओळीत माँटेसरी, वॉल्डॉर्फ आणि रेजिओ, खालच्या ओळीत भारतीय संस्कार.

आता पिताश्री कुठलीही गोष्ट न वाचता विकत घेत नाहीत. मिक्सर घेतानाही त्यांनी मोटरवर वाचन केलं होतं. त्यांनी या तिन्ही नावांचा छडा लावला आणि अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले. मारिया माँटेसरी यांची पहिली शाळा 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत निघाली. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं इमारतीची नासधूस करत, म्हणून मालकांनाच ती कुणीतरी सांभाळायला हवी होती. वॉल्डॉर्फ हे श्टुटगार्टमधल्या सिगारेटच्या कारखान्याचं नाव. 1919 मध्ये तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. आणि रेजिओ एमिलिया हे इटलीतलं शहर. 1945 मध्ये, युद्ध संपल्यावर, त्याच्या शेजारच्या गावातल्या लोकांनी जर्मन सैन्य मागे टाकून गेलेला रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून बालशाळा उभी करायला घेतली.

"म्हणजे काका, तिन्ही गरिबांच्या शाळा!" पिताश्रींना कुणीतरी फसवल्यासारखं वाटत होतं.

मी म्हटलं, आपल्याकडचंही बघून घ्या. गिजुभाई बधेका हे वकील. 1913 मध्ये मुलगा झाला, त्याला कसं वाढवायचं या विचाराने माँटेसरी वाचू लागले आणि वकिली सोडून 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढून बसले. मुलं-माणसं त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. ताराबाई मोडक त्यांच्याकडेच 1923 मध्ये गेल्या, पुढे 1945 मध्ये बोर्डीला आल्या आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर. वारल्यांची मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं हीच साधनं. सरकारी अंगणवाड्यांची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

गिजुभाईंचा भाग पिताश्रींना फार आवडला. मुलगा झाल्यावर धंदा सोडून बालशिक्षणात शिरलेला बाप! त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मातोश्रींनी होमलोनचे किती हप्ते राहिलेत ते सांगितलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी काउन्सेलरला थेट विचारलं, "तुमच्याकडे रेजिओ म्हणजे नेमकं काय करता?"

"सर, ते अ‍ॅड-ऑन आहे."

रणगाड्याची गोष्ट मग पिताश्रींनी तिला सांगितली नाही.

त्याच शाळेत चिरंजीवांची मुलाखत झाली. म्हणजे झाली नाही. शाळाप्रवेशासाठी मुलाला किंवा आईबापाला चाळणी लावायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. कायदा सहा ते चौदा वयाचा, तो दोन वर्षांच्या चिरंजीवांपर्यंत पोचत नाही; तरी मुलाखत म्हणायला सगळेच बिचकतात. म्हणतात इंटरॅक्शन. त्यासाठी घरात महिनाभर तयारी चालली होती. "बाळा, स्लीपर घाल, नाहीतर फॉल होशील." "आधी बनाना फिनिश कर." "तो बघ डॉगी, भू भू नाही म्हणायचं." नवरा-बायको दोघंही मराठी शाळेत शिकलेले. 2020 च्या शैक्षणिक धोरणात लहान मुलांना शक्य तिथे घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलंय, हे पिताश्रींना तोंडपाठ आहे आणि तत्त्वतः मान्यही आहे. इतरांच्या मुलांनी ते आचरणात आणावं, अशी त्यांची मनापासून इच्छा आहे.

काउन्सेलर वाकून म्हणाली, "हॅलो चॅम्प! व्हॉट्स युवर नेम?"

चिरंजीवांनी तिच्याकडे, मग जिराफाकडे पाहिलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "शू."

काउन्सेलर दोन पावलं मागे सरकली आणि ओरडली, "मावशी!" आतून निळ्या साडीतल्या एक मावशी आल्या. "चल रे राजा," म्हणाल्या आणि त्याला उचलून घेऊन गेल्या. आजी गुडघे सांभाळत मागोमाग. मुलाखत तिथेच संपली. पिताश्री घरी येईपर्यंत गप्प होते. आजींनी मात्र दारातच निकाल देऊन टाकला: "चांगली आहे रे शाळा. त्या बाईंनी त्याची चड्डी नीट वर केली, त्याचे हात धुतले, स्वतःचेही धुतले. आणि त्याच्याशी बोलत होत्या सारखं."

"आई, हा काही क्रायटेरिया नाही."

"बरं," आजी म्हणाल्या.

आजींचं स्वतःचं एक स्थळही होतं. मागच्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक ताई कित्येक वर्षं बालवाडी चालवतात. दोन खोल्या, सतरंज्या, पुढे खऱ्या वाळूचा ढीग, त्यावर मांजर येऊ नये म्हणून जाळी. पाटी आहे, वेबसाइट नाही. पिताश्री एकदा जाऊन आले. ताईंनी त्यांना बसायला सतरंजी दिली आणि आकडा सांगितला. आकडा इतका लहान होता की त्यांचा विश्वास उडाला.

"तिथे सीसीटीव्ही नाही, आई."

"ताई आहेत ना."

शेवटी वेटेजची बेरीज झाली आणि एसीवाल्या शाळेला सगळ्यांत जास्त गुण पडले. अर्ली बर्ड सवलतही होतीच. मार्चमध्ये प्रवेशशुल्क भरून झालं. जूनपासून पिताश्री ऑफिसात मीटिंग सुरू असताना टेबलाखाली फोन धरून चिरंजीवांना पाहू लागले. पहिल्या दिवशी मुलगा रडेल, म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवली होती. तो रडला नाही. निळ्या साडीच्या मांडीवर बसून हसत होता. हे सांगताना पिताश्री जरा दुखावलेले वाटले.

जुलैत सर्दी झाली, ठरल्याप्रमाणे. गणपतीत चिरंजीव वांगं झाले. घरी ते ना टीचरचं नाव घेत, ना काउन्सेलरचं. मावशींनी काय सांगितलं, मावशींनी कशी पोळीची सुरळी दिली, मावशींना कसं पोपटाचं गाणं येतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि त्यांनी शाळेच्या दारात लोळण घेतली. दुसऱ्या दिवशी लोळण, तिसऱ्या दिवशी ताप. पिताश्रींनी माँटेसरीपासून मानसशास्त्रापर्यंत सगळं पुन्हा वाचून काढलं. शाळेने ईमेलवर 'सेपरेशन अँग्झायटी' असं उत्तर दिलं. आजी रिक्षाने शाळेत गेल्या, वॉचमनशी दोन मिनिटं बोलल्या आणि परत आल्या. मावशी दिवाळीनंतर आल्याच नव्हत्या. पुढच्या चौकातल्या दुसऱ्या प्लेग्रुपने त्यांना महिना दीड हजार जास्त देऊ केले होते.

दीड हजार. पिताश्रींनी फोनवर गणित केलं. त्यांच्या ताशी 200 च्या दराने साडेसात तास होतात. एकट्या चिरंजीवांचे तीन दिवससुद्धा नाहीत. ज्या शाळेने भिंतीवरच्या जिराफासाठी आर्किटेक्ट नेमला, तिने या पैशांसाठी ती बाई जाऊ दिली. शीटमध्ये वाळूला रकाना होता, कमोडला होता, व्हाइबला होता. मावशींना नव्हता.

आठवडाभरात चिरंजीव पुढच्या चौकातल्या प्लेग्रुपमध्ये दाखल झाले. तिथे माँटेसरी आहे की नाही, पिताश्रींनी विचारलं नाही. दारात निळी साडी दिसली, मुलगा आईच्या कडेवरून खाली उतरला आणि आत पळाला. आजी एवढंच म्हणाल्या की ताईंची बालवाडी अजूनही जवळ पडली असती.

सोसायटीत आता तीन नवे पिताश्री तयार झाले आहेत. ते सहाव्या मजल्यावर शीट मागायला येतात आणि हे ती उदारपणे देतात, 'मावशी' हा रकाना अगदी पहिला घालून. तुम्हीही हवी असल्यास मागा. काउन्सेलरचं बोलणं संपलं की आत जाऊन मावशींना विचारा, किती वर्षं इथे आहात आणि पगार वेळेवर होतो का. त्या काय म्हणतात ते नीट ऐका. आणि फॉर्मवर सही करण्याआधी त्याची मागची बाजू वाचा: प्रवेशशुल्क परत मिळत नाही. पिताश्रींनाही मिळालं नाही.