मेलेल्या ताऱ्याची वकिली : नवशिक्यांसाठी नऊ धडे

पनवेल तालुक्यातल्या नावडे फाट्यावर वकिली करायला सनद लागत नाही, एक कटिंग पुरते. अशील मात्र मेलेला निवडा. जिवंत अशील फी बुडवतो, जबाब फिरवतो, कधी चक्क गुन्हा कबूल करून तुम्हाला तोंडघशी पाडतो. मेलेला यातलं काही करत नाही. शिवाय आरोपी वारला की त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो. कोर्टानं फाइल मिटली, की टपरीवर ती उघडायला आपण मोकळे.

सरावासाठी मायकल जॅक्सन घेऊ. २५ जून २००९ ला वारला, आरोप लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे, आणि गाणी सगळ्यांना पाठ, निदान हुंकारांपुरती तरी. नवशिक्याला याहून सोयीचा अशील मिळणार नाही.

१. आधी नातं जोडा.
परका अशील घेऊन टपरीवर उभं राहू नये. सुरुवात १ नोव्हेंबर १९९६ पासून करा. अंधेरीच्या क्रीडासंकुलातला त्याचा कार्यक्रम, राज ठाकऱ्यांची शिव उद्योग सेना, विमानतळावर नऊवारीतली सोनाली बेंद्रे, कपाळाला टिळा, मग ‘मातोश्री’वर पाहुणचार. म्हणजे माणूस आपलाच झाला. ‘मी होतो त्या कार्यक्रमाला’ हेही ठोकून द्या. त्या रात्री तिथे जेवढे लोक होते त्याच्या चौपट आज एकट्या पनवेल तालुक्यात भेटतात, त्यात तुमची भर पडली तर कुणाचं काय जातं? फक्त एक तपशील चहात बुडवून टाका : पहिला जाहीर आरोप १९९३ चा होता आणि १९९४ मध्ये कोट्यवधी डॉलर देऊन तो दिवाणी दावा कोर्टाबाहेर मिटला होता. आपण टिळा लावला त्याच्या जवळजवळ तीन वर्षं आधी. तेव्हा कुणी विचारलं नाही. आता तुम्ही कशाला विचारता?

२. माहितीपट पाहू नका.
‘लीव्हिंग नेव्हरलँड’ हा २०१९ चा माहितीपट जवळजवळ चार तासांचा आहे. वेड रॉबसन आणि जेम्स सेफचक हे दोन मोठे झालेले पुरुष त्यात आपलं बालपण सांगतात. जो तो पूर्ण पाहून येतो तो वाया जातो. बोलता बोलता मध्येच थांबतो, ‘तसं नाही रे’ म्हणतो, चहा गार करतो. असा माणूस कुठल्याच बाजूच्या कामाचा नाही. तुम्ही यूट्यूबवरचं दहा मिनिटांचं खंडन पाहा, तेही दीडपट वेगानं.

३. एकच निकाल पाठ करा.
१३ जून २००५, कॅलिफोर्नियातलं सांता मारिया, चौदाच्या चौदा मुद्द्यांवर निर्दोष. ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे छाती ठोकून सांगा. तो खटला तिसऱ्याच एका मुलाच्या तक्रारीचा होता, हे सांगू नका. रॉबसननं त्याच खटल्यात जॅक्सनच्या बाजूनं शपथेवर साक्ष दिली होती, हे मात्र दोनदा सांगा. ‘मग खोटं तेव्हा बोलला की आता?’ हा प्रश्न रास्त आहे. शांतपणे विचारला तर त्याचं उत्तर ऐकावं लागेल : लहानपणी ज्याला जीव लावला त्याच्याबद्दल माणूस कधी, किती आणि का खोटं बोलतो. म्हणून तो विचारू नका, ओरडा. जॅक्सनच्या वारसा-संस्थेनं सगळे आरोप फेटाळले आहेत हे जोडून द्या. या दोघांचे त्याच्या कंपन्यांवरचे दावे २०२३ मध्ये अपील कोर्टानं पुन्हा जिवंत केले, तिथं आल्यावर घड्याळ पाहा आणि ‘दिवा गाडी चुकेल’ म्हणा.

४. ‘इतकी वर्षं काय झोपले होते?’ हे विचारा.
हा हुकमी एक्का. पण नावड्यात जपून टाका. इथं समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी, घातलेल्या खेपा आता नातू घालतोय. उशीर म्हणजे काय ते त्याला कळतं. त्यातून कुणी १९९६ च्या त्याच कार्यक्रमाचा करमणूक कर काढलाच, तर विषय बदला. युती सरकारनं कर माफ केला, मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली, प्रकरण लोंबकळलं, आणि माफीवर मंत्रिमंडळाचं शिक्कामोर्तब झालं जानेवारी २०२१ मध्ये. एका संध्याकाळच्या तिकिटांबद्दल काय वाटतं हे ठरवायला महाराष्ट्र सरकारला चोवीस वर्षं लागली. सात वर्षांच्या पोरानं मात्र आपल्याला काय झालं ते त्याच संध्याकाळी येऊन सांगायला हवं होतं. शक्यतो तीन प्रतींत.

५. ‘पैशासाठी चाललंय’ म्हणा.
आरोप करणारा पैशासाठी बोलतो, बचाव करणारा सत्यासाठी. फोर्ब्स मासिक मेलेल्या कलावंतांच्या कमाईची यादी काढतं. तिच्यात तुमचा अशील अनेकदा पहिला आलाय. म्हणजे या वादात एका बाजूला खरोखरच गडगंज पैसा आहे. कुठल्या, ते बोटानं दाखवू नका.

६. ‘मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये’ इथं आवाज खाली आणा.
डोळेही किंचित मिटा. कुणी तरी जिमी सॅव्हिलचं नाव घेईल. बीबीसीचा लाडका, ‘सर’ झालेला, इस्पितळांना देणग्या गोळा करून देणारा. २०११ मध्ये वारला. वर्षभरात त्याच्या लैंगिक अत्याचारांबद्दल तोंडं उघडली. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालात २१४ गुन्ह्यांची नोंद झाली आणि थडग्यावरचा दगड त्याआधीच उखडून नेला होता. यावर ‘तो इंग्रज होता’ एवढंच म्हणा. नवशिक्या मग विचारतो, बोलायचं तरी कधी? सोपं आहे. माणूस जिवंत असताना बोललात तर बदनामी, मेल्यावर बोललात तर असंस्कृतपणा. शेवटचा श्वास आणि पहिला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ यांच्यामधला वेळ मोकळा असतो. साधारण चार मिनिटं. तेवढ्यात ज्याला जमलं नाही त्यानं गप्प बसावं.

७. विरोधी पक्षात बसायचं असेल तर.
तिथेही जागा आहे, कष्टही तेवढेच कमी. फोनमधली गाणी उडवा आणि उडवल्याचा स्टेटस ठेवा. न्यूझीलंड आणि कॅनडामधल्या काही रेडिओ केंद्रांनी २०१९ मध्ये त्याची गाणी बंद केली होती, तो दाखला द्या. माहितीपट तुम्हीही पाहू नका. निकाल आधीच लागलेला असताना पुरावा कशाला? संध्याकाळी हळदीला डीजेनं आगरी गाण्यांच्या मधे ‘बिली जीन’ लावलंच, तर पाय मागे सरकवत नाचा. तत्त्व फोनमध्ये असतं, पायांत नसतं.

८. विषय नावड्यात आणू देऊ नका.
सगळ्यांत अवघड धडा. मायकलवर तासभर बोलणारा कुणी तरी अचानक म्हणतो, ‘आपल्याकडंपण तो क्लासवाला…’ लगेच दुसरा चहा मागवा. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं होतं, अहवाल २००७ मध्ये आला. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं. करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे आकडे टपरीवर काढणं म्हणजे तळोजा एमआयडीसीच्या वासाबद्दल बोलणं. तो रात्री येतो, सगळ्यांना येतो, सगळे खिडक्या लावून घेतात. सकाळी विचारा, कुणालाच आलेला नसतो. नवा भाडेकरू पंधरा दिवस कुरकुरतो, मग त्याचंही नाक आपल्यासारखं होतं. तुमचंही होईल, धीर सोडू नका.

९. पोरांना उठवू नका.
वाद रंगात आला की बाकावर एखादं आठ-नऊ वर्षांचं पोर वडापाव खात बसलेलं दिसेल, बापाबरोबर आलेलं. ‘मोठ्यांच्या गप्पा आहेत, घरी जा’ म्हणण्याची चूक करू नका. बसू द्या. ‘इतकी वर्षं काय झोपले होते’ ऐकू द्या, ‘पैशासाठी चाललंय’ ऐकू द्या, माणूस मोठा असला की पुरावा किती मोठा लागतो तेही ऐकू द्या. ज्या १९९६ मध्ये मुंबईनं मायकलला टिळा लावला, त्याच वर्षी त्याच मुंबईत ‘टिस’ या समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानं मुलांसाठी १०९८ हा मदतीचा फोन सुरू झाला. फुकट लागतो, रात्रीही लागतो. तो नंबर पोराला देण्याचा खटाटोप करू नका. तुमची वकिली नीट जमली असेल तर त्याला त्याची गरजच वाटणार नाही. कुणाचं ऐकलं जातं आणि कुणाचं नाही, हे त्याला वडापाव संपायच्या आत कळलेलं असतं.

त्याला आणखी एक वडापाव घेऊन द्या. गुणी पोर आहे. काही बोलत नाही.